नणंदेसाठी धरलेला वेग

सुरतेत लिंबायतमधल्या त्या घरात रंजनाला पळायची परवानगी कोणी कधी दिली नव्हती. तिला फक्त सोबत जायला सांगितलं होतं.

तिची धाकटी नणंद धनश्री कॉलेजात गेली आणि तिने पळण्याचं मनावर घेतलं. पहाटे डिंडोलीकडे नहेरीच्या, म्हणजे कालव्याच्या, रस्त्याला पोरीने एकटीने जावं, हे सासूला पटेना. "पोर एकली जावाव नई. तू जाय तिनासंगे," सासूने रंजनाला सांगून टाकलं.

रंजना गेली. पहिले काही दिवस ती नहेरीच्या कठड्यावर बसून राहायची. पहाटेच्या गारव्यात बसून बसून अंग आखडलं, तेव्हा एके दिवशी ती उठली आणि नणंदेच्या मागे चपला घालूनच पळाली. पारोळ्याजवळच्या तिच्या गावी शाळेत असताना ती तालुक्याच्या शर्यतींपर्यंत पोहोचली होती. मग लग्न झालं. नवरा भिकन पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये कामाला, म्हणून ती सुरतेला आली. दोन मुलं झाली, साड्यांना लेस लावायचं काम घरी येऊ लागलं, आणि आपण कधी पळत होतो हे ती विसरूनही गेली होती. पाय मात्र विसरले नव्हते. धनश्रीचे जुने बूट तिच्या अंगठ्याला लागायचे. तिने पुढचं कापड ब्लेडने कापून टाकलं. दिवाळी येईतो धनश्रीच मागून ओरडायला लागली, "वहिनी, थांब ना गं!"

जानेवारीत भेस्तानच्या एका क्लबने हाफ मॅरेथॉन ठेवली. एकवीस किलोमीटर. बायकांमध्ये पहिली येईल तिला क्लब आपल्याकडे घेणार होता, शिकवणार होता, बाहेरच्या स्पर्धांना नेणार होता. दोघींनी नावं दिली. रंजनाने आपलं नाव दिल्याचं घरात सांगितलं तेव्हा भिकन हसला. पण शर्यतीच्या आदल्या दिवशी जेवताना तो हसत नव्हता.

"तू धनाला पेस दे," तो म्हणाला. "क्लबवाले म्हणे असा माणूस ठेवतात. पुढे राहून वेग धरायचा, वारा आपल्या अंगावर घ्यायचा, आणि शेवटी बाजूला व्हायचं."

"आणि मी?"

"तुझं काय? तू पहिली येऊन काय करशील? तुला कोण नेणार अहमदाबादच्या स्पर्धांना? तिचं सगळं पुढे पडलंय."

रंजनाने धनश्रीकडे पाहिलं. ती मान खाली घालून भाकरी मोडत होती. तिने एकदा जरी "नको, वहिनीला पळू दे" म्हटलं असतं, तरी रंजनाने आनंदाने पेस दिला असता. धनश्रीने भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. मग रंजनाच म्हणाली, "बरं. देते."

सकाळी भेस्तानच्या रस्त्यावर धुकं होतं आणि मिलच्या धुराचा आंबूस वास. रंजनाने दिला शब्द पाळला. दोघी रोज पळायच्या तोच वेग तिने धरला, ना कमी ना जास्त. मोकळ्या रस्त्यावर समोरून वारा आला की ती धनश्रीच्या बरोबर पुढे व्हायची. पाण्याच्या टेबलाशी दोन ग्लास उचलायची, एक मागे द्यायची. वळणावरून परतताना त्यांच्या पुढे एकही बाई नव्हती. कडेला उभे असलेले लोक "चालो बेन, चालो!" म्हणून ओरडत होते, आणि रंजनाच्या छातीत असं काही भरून आलं होतं की आपण दुसऱ्यासाठी पळतोय हे तिला थोडा वेळ आठवलंच नाही.

रेल्वेच्या पुलाच्या चढावर धनश्री मोडली. मागचा तिचा श्वास करवतीसारखा यायला लागला.

"वहिनी... सोडू नको मला."

रंजनाने पाय आखडते घेतले. तेवढ्यात निळी टोपी घातलेली एक बाई दोघींच्या बाजूने निघून गेली. पस्तिशीची असावी, रंजनाच्याच वयाची. तिची चाल रंजनाने एका नजरेत ओळखली: थकलेली होती, पुलाच्या उतारावर गाठता आली असती. रंजनाच्या पायांत अजून बळ होतं. सगळं अंग पुढे ओढत होतं. ती मागे वळली आणि म्हणाली, "चल, माझ्या पाठीकडे बघ. दुसरं काही बघू नको."

निळी टोपी लहान होत गेली आणि दिसेनाशी झाली.

शेवटची कमान दिसली तेव्हा धनश्रीला कुठून तरी जोर आला. ती रंजनाच्या बाजूने सुटली आणि दुसरी आली. रंजना तिच्या मागोमाग, तिसरी.

"वहिनीने सुरुवातीलाच जास्त पळवलं," घरी आल्यावर धनश्री आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडत म्हणाली. "माझे पायच गेले."

रंजना मोरीशी पाय धूत होती. ती तशीच ओल्या पायांनी बाहेर आली. "धना, रोजचाच वेग होता. तुला ठाऊक आहे."

धनश्रीने तोंड फिरवलं. भिकन म्हणाला, "तुला स्वतःलाच पुढे जायचं होतं. ते काही लपत नाही."

जायचं तर होतंच. म्हणून तर थांबणं एवढं जड गेलं होतं. पण ती थांबली होती, आणि हे त्या घरात तिच्याखेरीज एकाच माणसाला माहीत होतं; ते माणूस भिंतीकडे तोंड करून पडलं होतं.

गंमत म्हणजे क्लबने धनश्रीला घेतलंच. पहिली आलेली बाई वयाने मोठी, तिला कोणी शिकवायचं? पहाटे क्लबची मॅडम मोपेडवर येऊन धनश्रीला नेऊ लागली. पहिल्या दिवशी रंजनाही बूट घालून दाराशी उभी राहिली.

"आते तुले काय काम शे तथं?" सासू म्हणाली. "मॅडम शे ना तिनासंगे."

रंजनाने धनश्रीकडे पाहिलं. "सांग ना तू आईंना."

"वहिनी, उशीर होतोय गं," म्हणत धनश्री जिना उतरून गेली.

दोन महिन्यांनी नवसारीची शर्यत आली. क्लबातल्या मुली धनश्रीसाठी वेग धरायला तयार नव्हत्या. प्रत्येकीला स्वतःच पळायचं होतं. एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात येऊन रंजनाला खेटून उभी राहिली. "वहिनी, पेस देशील? तुझ्यासारखा कोणालाच जमत नाही."

हे वाक्य रंजनाला जानेवारीत ऐकायचं होतं, मोरीशी पाय धूत होती तेव्हा.

"नाही," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"पळाले तर माझी मी पळेन. तुझ्यापुढे वारा अंगावर घ्यायला येणार नाही."

बाहेर सासू आणि भिकन दोघांनी ऐकलं. आठवडाभर घरात तिच्याशी कोणी धड बोललं नाही. भिकनने ताट पुढे आलं की निमूट जेवायचं आणि उठायचं. धनश्री नवसारीला एकटीच पळाली, बरीच मागे राहिली, आणि त्याचाही दोष रंजनाच्याच माथी आला.

रंजना काही नवसारीला गेली नाही. तिला कोणी नेलं नाही, आणि एकटीने जायची हिंमत तिला झाली नाही. 'नाही' म्हणून झालं होतं. त्यापुढे काय करायचं, ते तिला अजून सुचलेलं नाही.