डावा खांदा, उजवा खांदा

नातीनं परवा पदवीदानाचा फोटो पाठवला. गळ्यात चकचकीत स्टोल, दोन्ही टोकं पुढे सोडलेली. "आजोबा, तुमच्या वेळी होता का हो असा?" होता की. पण त्यासाठी मला देवगडहून बोटीनं मुंबई गाठावी लागली होती, एकट्याला. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे दिवस होते.

बाबा परळच्या गिरणीत होते. माझा निकाल लागायच्या आधी दोन महिने तिथेच वारले. निघताना आईनं त्यांचं उपरणं पिशवीत घातलं. म्हणाली, "आधी बाणगंगेर तर्पण कर, मगे पदवी घे."

भाऊच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा बोट लागून पोटात काही उरलं नव्हतं. लिंबू जवळ ठेवायची अक्कल नंतर आली. ट्रामनं लालबागला, बाबा राहायचे त्या गाववाल्यांच्या खोलीवर गेलो. बाबांच्या जागी आता दुसऱ्याची वळकटी होती. बांगड्याचं तिखलं आणि भात वाढत एक काका म्हणाले, "जेव रे, उद्या सायब होतलंस." इतकी माया, तरी मला फार परकं वाटलं.

सकाळी बाणगंगा. आजही जायचं तर लवकर जावं, निवांत असतं. पितरांचं कार्य म्हणून उपरणं उजव्या खांद्यावर घ्यायचं, उरकल्यावर पुन्हा डाव्या. माझं ध्यान कुठे होतं? तसाच चालत गिरगावात पोचलो, गाऊन भाड्यानं देणाऱ्या दुकानात. म्हाताऱ्या दुकानदारांनी माझ्या खांद्याकडे बघितलं.

"अपसव्य आहे तुमचं. कोण गेलं?"

"वडील."

त्यांनीच उपरणं डाव्या खांद्यावर घातलं. वर काळा गाऊन, त्यावर गळ्यातून पाठीवर सोडायची रेशमी पट्टी. "तीन रुपये. लवकर आणून द्या, मोर्चा आहे."

समारंभात माझं नाव पुकारल्यावर टाळ्या झाल्या, पण त्या सगळ्यांसाठीच होत होत्या. माझं असं तिथे कोणी नव्हतं. निदान आईला फोटो दाखवू म्हटलं, तर मोर्चामुळे स्टुडिओच्या फळ्या लागलेल्या. गाऊन परत केला आणि दुसऱ्या दिवशी बोट धरली.

घरात पाऊल टाकताच आईनं विचारलं, "कसो दिसत होतंस?"

फोटो नाही म्हणताना मला रडू आलं. मग पिशवीतलं उपरणं काढून गळ्यात घातलं, टोकं पाठीवर सोडली. "असा, आई."

तिनं जवळ येऊन टोकं सारखी केली.

"आता उजव्या खांद्यार घे," म्हणाली. "तेंका पण बघूंदे."