शालनताईंचे अंधारातले जीवाणू

शालनताई बर्वे यांचं शिक्षण एम.एस्सी., सूक्ष्मजीवशास्त्र, आणि हुद्दा विमा अधिकाऱ्याची बायको. पहिली गोष्ट मिरजेतल्या सासरी कौतुकानं सांगत, दुसरी सगळीकडे आपोआप चिकटे. योगेशरावांची बदली झाली की यांची नोकरी सुटायची. नागपुरात कॉलेजातली गेली, इंदुरात दूधडेअरीच्या प्रयोगशाळेतली गेली, रायपुरात तर मुलाखतीला निघण्याआधीच गेली. प्रत्येक वेळी योगेशराव एकच वाक्य म्हणत, "तुझं काय गं, तिथंही मिळेल काहीतरी." त्या 'काहीतरी'नं ताईंच्या आयुष्याची वीस वर्षं खाल्ली, ढेकरही न देता.

जयपूरला आल्यावर मात्र नशीब फिरलं. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात मुरलीधरजींचा छोटा कारखाना होता. सांगानेरच्या छपाईवाल्यांना कोऱ्या कापडावरची स्टार्चची खळ काढायला लागणारं एन्झाइम तिथं जीवाणूंकडून बनवून घेत. ताई खातीपुऱ्याच्या फ्लॅटमधून कारखान्याच्या जीपनं जात आणि संध्याकाळी हाताला यीस्टचा वास घेऊन परत येत. योगेशरावांना तो वास सोसत नसे. घरखर्चाला लागलेला पगार मात्र ते नाक न मुरडता सोसत.

जीवाणूंकडून काम करून घ्यायचं तर 'आता लागा कामाला' हे सांगावं लागतं, आणि ते सांगणारं रसायन भलतंच महाग. दोन हजार नऊ साली ताईंनी नवीन वाट शोधली. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्यांची जुनी मैत्रीण यमुना संशोधक होती. तिथून रीतसर करार करून असे जीवाणू आणले की ज्यांच्या जनुकाचं बटण उजेडानं चालायचं. लाल उजेड असेपर्यंत ते नुसते खात, वाढत, पिलावळ करत. उजेड गेला, पूर्ण अंधार झाला, की मुकाट एन्झाइम बनवायला लागत. आमच्याकडच्या बऱ्याच मंडळींपेक्षा समजूतदार म्हणायचे!

मुरलीधरजींना ही कल्पना इतकी आवडली की ऐकता ऐकता त्यांचा चहा गार झाला. "अंधेरा तो मुफ्त का है, मैडमजी!" त्यांनी काचेच्या मोठ्या टाकीसाठी एक खोली रिकामी केली, खिडक्यांना काळं कापड ठोकलं आणि छताला लाल दिव्यांची पट्टी लावून दिली. बंद कपाटातल्या छोट्या चंबूत प्रयोग झकास जमला होता, आता टाकीत जमला की ताई या विभागाच्या प्रमुख. नाही जमला तर विभाग बंद, हेही त्यांनी हसत हसतच सांगितलं.

त्याच आठवड्यात योगेशरावांचा भोपाळचा आदेश आला. मुलगा वरुण पुण्याच्या वसतिगृहात, म्हणजे सामान बांधायला मोकळ्या त्या ताईच. "तुझं काय गं," योगेशराव म्हणाले. पुढचं वाक्य ताईंनी ऐकलंच नाही. टाकी यशस्वी झाली तर आपण इथं राहायचं, हे त्यांनी मनाशी ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा काही स्वतःसाठी मागायचं होतं आणि त्यासाठी हातात काहीतरी लागत होतं.

आणि टाकी दगा देऊ लागली. लाल उजेडात जीवाणू दृष्ट लागावी असे माजत. ताई बाहेरच्या बटणानं पट्टी बंद करत, दाराला कुलूप घालत, कुणालाही आत सोडत नसत. भिंतीतून काढलेल्या नळीनं नमुना घेत, त्यात स्टार्च घालत, थोड्या वेळानं आयोडीनचा थेंब टाकत. स्टार्च पचलं असतं तर निळा रंग आला नसता. येई मात्र गडद निळा, पुन्हा पुन्हा. म्हणजे ही मंडळी नुसती पोटभर खाऊन बसलेली, कामाला हात नाही. ताईंनी साखर बदलली, हवा बदलली, तापमान बदललं, यमुनेला फोन करकरून बेजार केलं.

मुरलीधरजींनी निदान एका वाक्यात केलं. "नज़र लगी है." दुसऱ्या दिवशी खोलीच्या दारावर लिंबू-मिरची लटकली. ताई भडकल्या. विज्ञानात असली थेरं चालत नाहीत, हे त्यांनी अर्धा तास हिंदीतून ऐकवलं. मुरलीधरजींनी सगळं मान डोलावत ऐकलं आणि लिंबू बदललं.

मग भर दुपारी वीज गेली. विश्वकर्मात तो रोजचाच उत्सव. या वेळी नेमका लाल उजेडाचा टप्पा चालू होता, तो तुटला म्हणून ताई कुलूप काढून आत धावल्या आणि दारातच थबकल्या. छताची पट्टी विझलेली, खोलीत काळोख, आणि टाकीला लागून असलेल्या फळीवर गणपतीबाप्पा लालबुंद तेजात बसलेले. समोर झिरोचा लाल बल्ब. टाकीची अख्खी बाजू त्यात न्हालेली.

बसवला कुणी? ताईंनीच. बदलीवाल्यांच्या घरात नव्या जागी आधी देव मांडतात, मग गॅस. नवी खोली मिळाली तेव्हा विज्ञाननिष्ठ ताईंनी सवयीनं घरचा गणपती आणून मांडला होता आणि समोर लाल बल्ब लावून घेतला होता. वर वायरमनला बजावलं होतं, "हा दिवा विझता कामा नये," म्हणून त्यानं तो इन्व्हर्टरवर जोडला. सगळी खोलीच लाल असताना एक लाल बल्ब कुणाला दिसणार? आणि अंधार झाल्यावर आत यायला ताईंनीच बंदी घातलेली. जीवाणू बिचारे वाट बघत राहिले की ही बाई उजेड घालवते कधी!

ताई तिथंच स्टुलावर बसून आधी हसल्या, मग रडल्या. चूक सापडल्याचा आनंद आणि ती आपली असल्याची लाज, दोन्ही एकदम आलं होतं. बाप्पाची क्षमा मागून त्यांनी बल्ब काढला.

पुढच्या खेपेला आयोडीन टाकलं आणि निळा रंग आलाच नाही. ताईंनी मुरलीधरजींना खरं कारण जसंच्या तसं सांगितलं. ते हात जोडून म्हणाले, "मैडमजी, भगवान का दिया काम थोड़े ही रोकेगा? नींबू ने असर किया." सांगानेरचा छपाईवाला नमुना घेऊन खूश होऊन गेला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या कारखान्यात लिंबाचा जयजयकार झाला.

मुरलीधरजींनी शब्द पाळला. म्हणजे त्यांनी ताईंसमोरच योगेशरावांना फोन लावला. "भाईसाहब, भाभीजी को हम विभाग का हेड बनाना चाहते हैं। आपकी इजाज़त हो तो..." पलीकडून योगेशराव भोपाळच्या क्वार्टरबद्दल, पॅकर्सबद्दल बोलत राहिले. मुरलीधरजी "जी, जी, आपकी बात सही है" म्हणत राहिले. दोन भले गृहस्थ. तिसरी व्यक्ती खोलीत आहे, याचा दोघांनाही विसर पडला होता.

ताईंना इतका संताप आला की त्यांनी फोन ओढूनच घेतला.

"अहो, मी बोलतेय. मी भोपाळला येत नाही."

योगेशराव म्हणाले, "अगं, पण तिथं माझ्या जेवणाखाणाचं कसं होणार?"

ताईंनी डोळे मिटले. वीस वर्षांत ऐकलेला हा पहिलाच प्रश्न होता, ज्याचं उत्तर त्यांच्याकडे मागितलं गेलं होतं.

"तुमचं काय हो," त्या शांतपणे म्हणाल्या, "तिथंही मिळेल काहीतरी."