हळदकुंकू लावलेली रेकॉर्ड

हातातली जुनी रेकॉर्ड बघता बघता काका एवढे पुढं झुकले की मला वाटलं आता हे इथंच भंगारात पडतात, आणि माझ्या कडेवर बाळ, नवरा हातगाडी घेऊन फेरीला गेलेला, दुकानात मी एकटी.

हे काका दर रविवारी पेणकरपाड्याच्या आमच्या भंगाराच्या दुकानात यायचे, जुन्या गाण्यांच्या रेकॉर्डी शोधायला. नाव मी कधी विचारलं नाय. दोन्ही तळव्यांत कडेनं धरून रेकॉर्ड उन्हात तिरकी करायचे, हळूच फुंकर मारायचे. म्हणायचे, "मी हॉस्पिटलात होतो ना, तेव्हा माझ्या सगळ्या पावसाच्या पाण्यात गेल्या गं. पोरगाच बोलला. आता एकेक परत जमवतोय."

त्या दिवशी गोणीखालून जुना गठ्ठा निघाला, आणि एका कव्हरवर हळदकुंकवाची बोटं. काका सांगायचे, त्यांची बायको घरात आलेल्या प्रत्येक रेकॉर्डला हळदकुंकू लावायची, आता ती नाय. बोटं तशीच होती, पाण्याचा थेंबपण लागला नव्हता.

"कोणी आणून दिली गं ही?"

मला तेव्हाच आठवलं. त्यांना गाडीवरून सोडायला येतो ना, तोच त्यांचा मुलगा हा गठ्ठा रिक्षातून टाकून गेला होता. मी तोंड उघडलं तसं काकाच म्हणाले, "नको, सांगू नको. रात्री त्याच्याच घरी जेवायचंय मला."

बाहेर हॉर्न वाजला. काकांनी रेकॉर्ड माझ्या हातात कोंबली, मी ती पाठीमागं धरली.

मुलगा हसत आत आला. "काय वहिनी, पप्पांना मिळालं का काय?"

काका खाली बघत होते. मी म्हटलं, "नाय, आज काय नाय."

तुम्ही काय म्हटलं असतं?