दगडाखालची बिऱ्हाडं

बारामतीच्या दवाखान्यात मी अक्कासाठी मऊ भात आणि मेतकूट घेऊन गेले होते, आणि तिला हवं होतं कॅलेंडर. "तिथीवालं आणलंस का? भिंतीवरचं, मोबाइलमधलं नको." मी म्हटलं, अगं बाई, आधी दोन घास खा, मग तिथ्या मोज. तर म्हणे, "रंजे, भात काय पळून जातोय? ओहोटी जाईल!" शेवटी खालच्या मेडिकलवाल्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागून आणलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, आम्ही ऑपरेशनचा मुहूर्त बघतोय. हाताला सलाईन, तरी दुसऱ्या हाताच्या बोटांची पेरं मोजत तिनं मार्गशीर्षातली अमावस्या गाठली. "शनिवारी अवस पडतीय बघ. उजाडायला नववीची पोरं खडकावर पायजेत. दहावीला सहल नसती, रंजे. यंदा गेली न्हाईत तर ह्यांचा समुद्र राहिला तो राहिलाच." मी म्हटलं, तू बरी हो आणि तूच ने. ती नुसती हसली... आणि मग निमूटपणे भात खाल्ला. अक्का निमूटपणे काही करते म्हटल्यावरच मला कळायला हवं होतं. त्रिपुरी पुनवेला, गावात देवळापुढं पणत्या लागत असताना, दवाखान्यातून आमच्या ह्यांचा फोन आला.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. सणसरच्या बाजूला एका हायस्कुलात विज्ञान शिकवायची. घरात आम्ही दोघी सुना, एक शाळेत आणि एक शेतात. ती पोरांना पेशी शिकवायची आणि मी मजुरांवर ओरडून भोपळी मिरची आणि पेरू मार्केटला पाठवायची. आमचं कधी एकदा वाजतंय ह्याची भावकीनं वर्षानुवर्षं वाट पाहिली आणि शेवटी कंटाळून नाद सोडला. तिचं माहेर मोरगावकडं, कोरडवाहू रान, बाजरी आणि शेरडं. पाणी म्हणजे काय ते तिनं लग्नानंतर आमच्या पाटाला पाहिलं आणि समुद्र पाहिला तो बी.एड.च्या सहलीत. त्या दिवशी म्हणे ती तासभर एक शब्द बोलली नाही. अक्का तासभर गप्प! ह्यावर माझा अजूनही विश्वास बसलेला नाही. पण तेव्हाच तिच्या मनानं घेतलं की आपल्या शाळेतलं प्रत्येक पोर एकदा तरी ओहोटीच्या खडकात उभं राहिलं पाहिजे. लांबून फोटो काढून भेळ खाऊन परत येणं तिला मान्य नव्हतं. "ते समुद्राचं तोंड बघणं झालं. घर बघाय नको?" असं तिचं म्हणणं.

पहिल्या सहलीची गंमत आमच्या गावातून अजून जात नाही. मी स्वयंपाकाला म्हणून सोबत होते, कारण चाळीस पोरांना बाहेर जेवू घालणं शाळेला झेपणारं नव्हतं. अक्कानं कोकणात एका लॉजवाल्याला फोन करून विचारलं होतं, पाणी कधी उतरतं? तो म्हणाला, पौर्णिमेला या, सकाळी सहाला. झालं! पण मध्येच शाळेची चाचणी आली आणि सहल आठवडाभर पुढं गेली. आता आम्ही पाटाच्या पाण्यावर जगणारी माणसं. पाण्याची पाळी ठरली की ठरली, पाटकरी पाटाचं दार उघडणार म्हणजे सहाचं पाणी सहालाच. लॉजवाल्याला पुन्हा विचारावं, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून सकाळी सहाला किनाऱ्यावर उतरलो तर समोर खडक नाही, काही नाही, नुसतं काठोकाठ पाणी! आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, त्याही हौसेनं आलेल्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आगं, पाटकऱ्याला इचारलं नव्हतंस व्हय? त्यानं दार उघडंच ठिवलंय की!" लॉजवाला हसून हसून खाली बसला. "बाई, आज अष्टमी! समुद्र तिथीनं चालतो. रोज पाऊण तास उशिरा उतरतो तो." पोरं हिरमुसली होती, अक्का रडवेली झाली होती, आणि मी दोन्ही डोळ्यांनी बघत असताना आत्यांनी पदर खोचला आणि चाळीस पोरांना वाळूत आट्यापाट्या खेळायला लावल्या. दुपारी बाराला जरासं पाणी उतरलं, चार खडक दिसले. त्या चार खडकांवर अक्कानं जे शिकवलं, त्यावर पोरं वर्षभर बोलत होती. तेव्हापासून आमच्या घरात कॅलेंडर आलं की आधी सण बघत नाहीत, पुनवा बघतात.

पण त्या चार खडकांवरच एक गोष्ट तिला खटकली. आमची पोरं शेतातली. दगड दिसला की पायानं लोटायचा नाहीतर उचलून भिरकवायचा, हे अंगात मुरलेलं. खाली खेकड्याची पिल्लं, गोगलगाई, काय काय चिकटलेलं असतं, ते उन्हात उघडं पडलं. अक्का म्हणाली, "तुमच्या घराचे पत्रे कुणी असे उचलून फेकले तर?" आणि तिथल्या तिथं तिनं रीत घालून दिली. दगडापाशी आधी उकिडवं बसायचं. विचारायचं, "येऊ का आत?" मग दोन्ही हातांनी एका बाजूनं हळूच उचलायचा, बघायचं, आणि होता त्याच जागी, होता त्याच कुशीवर, ओली बाजू खाली ठेवून द्यायचा. आणि निघताना काय म्हणायचं? कुणाच्याही घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही. "येतो" म्हणायचं. नववीतल्या, मिसरूड फुटलेल्या पोरांना हे करायला लावणं म्हणजे खायचं काम नाही. पहिल्यांदा फिदीफिदी हसायची. पण दगडाखाली एकदा खेकड्यानं नांगी उगारून दाखवली की तीच पोरं दबक्या आवाजात म्हणायची, "येतो हं... चालू द्या तुमचं."

ह्याची रंगीत तालीम आमच्या अंगणात व्हायची. पाण्याच्या हौदाशेजारी एक चपटा काळा दगड आहे. त्याच्याखाली एक जाडजूड बेडूक राहायचा. अष्टौप्रहर पाण्याशेजारी बसून काहीही काम न करणारा, म्हणून आत्यांनी त्याचं नाव ठेवलं 'पाटकरी'. सहलीच्या आधीच्या रविवारी सगळा वर्ग अंगणात रांग लावून पाटकऱ्याला भेटायचा. येऊ का आत, येऊ का आत, असं चाळीस वेळा! मी चहा गाळता गाळता ओरडायची, अक्का, अगं त्याला झोपू दे की गं बाई! ती म्हणायची, "राहू दे गं. माणसं आली की घर हसतं." आणि बेडूकही इतका निगरगट्ट की ढिम्म हलायचा नाही.

आणि मुख्याध्यापकांचा शंख! तो सांगितल्याशिवाय अक्का पुरी होत नाही. नियम कडक होता, किनाऱ्यावरून फक्त कचरा उचलून आणायचा, बाकी काही नाही. शिंपलासुद्धा नाही. एका वर्षी मुख्याध्यापकसर सोबत आले. शाळेच्या काचेच्या कपाटात शोभेल म्हणून त्यांनी एक सुरेख शंख गुपचूप रुमालात बांधला. परतीची बस वरंध घाटाच्या पायथ्याला आली, सर घोरत होते, आणि रुमालाची गाठ सोडवून शंख त्यांच्या मांडीवरून चालायला लागला. आत खेकडा होता! सरांनी मारलेली बोंब मी जन्मात विसरणार नाही. पोरं सीटवर उभी राहून हसतायत, आणि अक्का ड्रायव्हरला शांतपणे सांगतेय, "बस मागं फिरवा." सर म्हणाले, "अहो बाई, इथल्या ओढ्यात सोडू की!" अक्का म्हणाली, "सर, तुम्ही भाडेकरूसकट घर उचलून आणलंय. गोड्या पाण्यात मरंल तो." बस फिरली. एका खेकड्यासाठी चाळीस पोरं, दोन मास्तर आणि मी उपाशीपोटी पुन्हा किनाऱ्यावर गेलो. सरांनी स्वतःच्या हातानं त्याला खडकात ठेवलं, आणि अक्का बघतेय म्हटल्यावर अगदी बारीक आवाजात म्हणाले, "येतो."

म्हणून ती गेल्यावर मी आधी त्यांच्याकडेच गेले. तेरावा होऊन चार दिवस झाले असतील. सर म्हणाले, "वहिनी, माझी ना नाही. नवे विज्ञानाचे सर यायला तयार आहेत. पण पालक सह्या करत नाहीत. बाई होत्या तेव्हा पौर्णिमा धरायच्या. ही पडली अमावस्या, आणि त्यातून..." त्यातून काय ते त्यांनी सांगितलं नाही, पण गावात तेच चाललं होतं. ज्या बाईनं सहल न्यायची तीच गेली, वर अवस, वर पाणी. कोण पाठवील पोरं? मार्गशीर्षातली पौर्णिमा चाचणीत अडकलेली, पौष पौर्णिमा धरावी तर तेव्हा नववीची परीक्षा. अक्कानं दवाखान्यात मोजलं होतं ते अगदी बरोबर होतं, हीच एक तारीख होती. मी पालकसभेत उभी राहिले, हातवारे करून सांगितलं की अवसेला पाणी पुनवेसारखंच उतरतं, उजाडायला ओहोटी असते. कुणी ऐकेना. "वहिनी, तुमचं खरं हाय, पण पोरगं एकुलतं हाय," असं एक जण म्हणाला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आत्या उठल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, त्या बोलावण्याची वाट कधी बघत नाहीत. म्हणाल्या, "तुमी समदी अवसंला भिता. माझी सून पुनवंला गेली रं. देवळात दिवं लागलं हुतं तवा गेली. पुनवंनं काय राखलं तिला?" मग पदर खोचून पुढं आल्या. "तिनं नेलेलं एक पोरगं कमी होऊन आलंय का आजवर? मी जाती ह्यांच्यासंगं. माझी सही घ्या आधी." आत्यांना सही येत नाही, अंगठा देतात. एकुलत्या पोराच्या बापानंच उठून कागदासाठी हात पुढं केला. "आत्या, आणा हिकडं. मी करतो."

मोरगाव आलं तेव्हा पोरांनी बस दणाणून सोडली, "मोरया!" मला हुंदका आला, आणि लगेच कुणीतरी माझ्या मांडीवर चिवड्याची पिशवी सांडली, त्यामुळे रडायचं राहून गेलं. उजाडताना किनाऱ्यावर उतरलो. अक्काचा हिशेब चुकला नव्हता. पाणी पार लांब गेलेलं, काळे खडक ओलेचिंब उघडे पडलेले. पण पोरं काठावर उभीच. नव्या सरांनी तक्ता काढला, दोन-तीन नावं वाचली, तरी कुणी पाऊल पुढं टाकेना. दर वर्षी अक्का पहिली शिरायची ना! मी गॅसवर पिठलं टाकलं होतं. इतक्या वर्षांत मी कधी त्या खडकांवर गेले नव्हते. अक्का लांबून हाक मारायची, "रंजे, ये की गं!" आणि मी उलथनं हलवून सांगायची, "पिठलं लागंल बुडाला!" खरं सांगायचं तर मला त्या निसरड्याची भीतीच वाटायची. आता प्रांजल नावाची एक मुलगी वळून माझ्याकडं बघायला लागली. मग सगळीच बघायला लागली. पिशवीत अक्काचे कॅनव्हासचे बूट होते. निघताना का घेतले होते देव जाणे. एक नंबर मोठे, पुढं कागदाचे बोळे कोंबले, साडी खोचली, आणि गेले.

पहिल्याच दगडापाशी उकिडवी बसले. गुडघे करकरले. म्हटलं, "येऊ का आत?" मागून चाळीस आवाज आले, "येऊ का आत?" दगड उचलला. खाली एक चिमुकला खेकडा, शेजारी सांगाडा वाटावा असा पांढरा, पण हळूहळू पाय हलवणारा तारामासा, आणि पलीकडं पाण्याच्या खळग्यात समुद्रफूल उमललेलं, नाव फुलाचं पण प्राणीच. "काकू, हे तर कांद्याच्या बियाण्याचं बोंड!" असं ओरडत पोरं जी सुटली ती तीन तास हाती लागली नाहीत. सर एकीकडं, आत्या एकीकडं, वाळूत पाय सोडून पोरांनी गोळा केलेला प्लास्टिकचा कचरा पोत्यात भरतायत, आणि मी ह्या दगडापासून त्या दगडापर्यंत गुडघ्याएवढ्या पाण्यात! हे सगळं एवढं सुंदर असतं आणि मी इतकी वर्षं पिठलं हलवत बसले, ह्याचं मला हसू आलं. पिठलं व्हायचं तेच झालं, करपून कोळसा. पोरांनी मिटक्या मारत खाल्लं. पाणी परत चढायला लागलं तेव्हा सगळ्यांनी रांगेत उभं राहून समुद्राला सांगितलं, "येतो!" नवे सर सगळ्यात मोठ्यानं.

अंगणातलं सांगायचं राहिलं. तेराव्याला मांडव घातला तेव्हा मांडववाल्यांनी हौदाजवळचा तो काळा दगड उचलून ताडपत्रीच्या कोपऱ्यावर ठेवला होता. मला ते दोन दिवसांनी दिसलं. मी तो परत जागेवर आणून ठेवला, पण खाली पाटकरी नव्हता. ह्या गोष्टीचं मला जेवढं रडू आलं तेवढं अग्नी देतानाही आलं नव्हतं. घरात कुणाला बोलले नाही. बेडकासाठी रडते म्हणून सांगायचं कुणाला!

सहलीहून आलो त्या सकाळी बूट धुवायला हौदावर गेले. त्यात समुद्राची वाळू होती, ती निथळून पेरूच्या आळ्यात टाकली. मग दगडापाशी बसले. विचारलं, आणि एक बाजू हळूच उचलली. पाटकरी होता. तसाच जाडजूड, तसाच निगरगट्ट, झोपमोड केली म्हणून माझ्यावर डोळे वटारून. मला इतकं हसू फुटलं की ओसरीवरून आत्या ओरडल्या, "काय गं, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, भाडेकरू परत आलाय.

दगड होता तसा ठेवला, ओली बाजू खाली. पदराला हात पुसले. अक्काचे बूट उन्हात उभे केले, पुढच्या वर्षी लागतील.

"येते," म्हटलं, आणि उठले.