टेपमध्ये अडकलेला ताईचा आवाज

माझी थोरली बहीण परक्यांसमोर बोलताना अडखळायची. घरात तिची जीभ चांगली चालायची. छिंदवाड्याला शिक्षिकेच्या नोकरीची मुलाखत होती, तीही हिंदीत; त्या उत्तरांवर ती घरातसुद्धा अडायची. म्हणून ती दार लावून टेपरेकॉर्डरवर सराव करायची. बोलायची, ऐकायची, पुसायची, पुन्हा बोलायची. मलासुद्धा ऐकू द्यायची नाही.

एक दिवस कॅसेट आतच अडकली, झाकण उघडेना. पांढुर्ण्याच्या बाजारात एक रेडिओ दुरुस्त करणारा होता. सफारी घालून बसायचा आणि लोकांकडून स्वतःला इंजिनिअर म्हणवून घ्यायचा. आम्ही दोघी टेप घेऊन त्याच्याकडे गेलो. ताईने घरून जुळवून आणलेलं एकच वाक्य सांगितलं, "आतली कॅसेट वाजवू नका."

"आमाले काय करायचं बाई तुमच्या कॅसेटीचं," तो म्हणाला. "आमी मशीन पाहतो." टेप त्याच्याकडे ठेवून आम्ही परतलो.

पुढच्या शनिवारी आम्ही जामसांवलीच्या रस्त्यावर सौंसरच्या बसची वाट पाहत होतो. मागे दोन पोरं कुजबुजली. मग एकाने सूर लावला, "मैं पां... पां... पांढुर्णा की..." दुसरा हसून वाकला. मुलाखतीच्या सरावातलं ताईचं ते वाक्य चार भिंतींबाहेर कधी गेलंच नव्हतं.

बस आली. ताई चढली नाही. रस्ता ओलांडून पांढुर्ण्याकडे जाणारी गाडी पकडली आणि थेट त्या दुकानात गेली. मी मागोमाग.

दुकानात नेहमीची बैठक जमली होती. एक निवृत्त मास्तर, एक संत्र्यांचा दलाल आणि आमच्याच नात्यातले एक काका, जे दर सभेत पहिल्या रांगेत बसून शिक्षणावर बोलायचे. मधोमध आमचा टेप चालू होता. चहा पीत ही प्रतिष्ठित माणसं एका मुलीची धडपड ऐकत होती. आम्हाला पाहून त्या इंजिनिअरने घाईने बटण दाबलं.

"टेस्टिंग करून राहिलो होतो," तो म्हणाला. कॅसेट तर केव्हाच सुटली होती. दुरुस्त मशीन त्याने करमणुकीसाठी ठेवून घेतलं होतं.

ताई म्हणाली, "टेप बं... बंद ठेवा. आता स... समोरून ऐका."

आणि तिने मुलाखतीचं सगळं बोलणं उभ्याने म्हणून दाखवलं. अडली, थांबली, पुन्हा त्याच शब्दावर आली. कोणी हसलं नाही. मास्तरांनी वर्तमानपत्र उघडलं. दलाल रस्त्याकडे पाहू लागला. काका म्हणाले, "पोरी, गमतीनं ऐकत होतो, काहून मनावर घेतं?" ताईने मशीन उचललं आणि आम्ही निघालो.

त्या काकांना मी पुढे कधी जयभीम घातला नाही. मास्तर मात्र तसेच मास्तर राहिले, दुकान तसंच भरभराटीला आलं. गावाला त्यात काही वावगं दिसलं नाही. ऐकायला मिळालं नाही याचीच कित्येकांना हळहळ होती.

त्या मुलाखतीत ताईची निवड झाली नाही. पुढच्या खेपेला मोहगावच्या शाळेत झाली. त्या तयारीच्या वेळी तिने टेपला हात लावला नाही. भाकरी थापता थापता ती मला सगळं म्हणून दाखवायची, आणि एखाद्या शब्दावर अडली की मी मुकाट्याने चुलीतलं लाकूड पुढे सारायची.