एकाच पाळीला

सोपान रोज सकाळी शेतावर पोचला की मला मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग, फार तर दीड. म्हणजे 'मी आलोय, तू निघ.' फोन फुकट होऊन किती वर्षं लोटली, पण आमचा शिरस्ता बदलला नाही. त्यामुळे दिवाळीच्या आधी एका सकाळी फोन वाजतच राहिला, तेव्हा मी दाढीचा साबण लावून आरशासमोर हसत उभा होतो. म्हटलं, गडी आज उदार झालाय. वाजून वाजून बंद पडला, पुन्हा वाजला, तेव्हा साबणाच्या हातानंच उचलून म्हणालो, "काय रं, बोट अडकलं का बटनात?" पलीकडं सोपानची बायको, आमच्या वहिनी होत्या. "भाऊसाहेब..." एवढंच म्हणाल्या. पुढचं त्यांना बोलता आलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. चहा पिऊन निघताना, चपला घालता घालता सोपान ओट्यावर बसला, तो बसलाच. अर्ध्या तोंडाला साबण घेऊन मी पारनेरच्या बाजारपेठेतून मोटरसायकल हाकत गेलो, हे मला दुपारी कुणीतरी टॉवेल पुढं केला तेव्हा कळलं. सोपान असता तर वर्षभर पुरवून पुरवून हसला असता.

आम्ही दोघं श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात पॅनमन होतो. उसाच्या रसाचा पाक मोठ्या बंद भांड्यात, म्हणजे पॅनमध्ये, उकळून त्यात साखरेचा दाणा धरवायचा, हे आमचं काम. भांड्यातला थेंबभर पाक एका काचेच्या पट्टीवर घ्यायचा, उजेडासमोर धरायचा आणि दाणा कसा आलाय ते बघायचं. पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याच्या हातात ती काच द्यायचा. "दाणा बघ." येणाऱ्यानं बघितलं, मान हलवली, की चार्ज गेला. मग मागं वळून बघायचं नाही. आणि बदलीचा माणूस आल्याशिवाय पॅन सोडायचा नाही, मग घरी आग लागली तरी. आमच्या पाळ्या फिरत राहायच्या, पण क्रम तोच. सोपान सुटणार, मी लागणार. हंगाम संपला की तो पळायचा आपल्या कोरडवाहू शेताकडं आणि मी माझ्या घराकडं. म्हणजे ज्याला मी जन्माचा दोस्त म्हणतो, त्याला मी उभ्या नोकरीत भेटलो तो एवढाच, काच घेता घेता.

पण त्या घटकाभरात केवढं बोललो! निवृत्तीनंतरचे सगळे बेत तिथंच झाले, तुकड्यातुकड्यानं. माझे बेत दर हंगामाला बदलायचे. सोपानचा एकच. उघड्या कढईत, स्वतःच्या शेतावर, दिवसाउजेडी गूळ करायचा. एके दिवशी शेडची जागा सांगायचा, दुसऱ्या दिवशी चुलीचं तोंड कुठल्या दिशेला ते. मी एकदा चिडवलं, "आरं, जलमभर पाकच उकळलास. रिटायर होऊन पुन्हा पाकच? तुझ्या डोक्यात तरी काय उकळतंय?" तर म्हणाला, "गूळ घाल खड्ड्यात. शेडात दोन खाटा टाकायच्यात. तू अन् मी. एकाच पाळीला." तेवढ्यात भोंगा झाला. मी काच उजेडाला धरली आणि तो जिना उतरून गेलासुद्धा.

तो माझ्याआधी वर्षभर सुटला. जाताना ती काच सदऱ्याच्या खिशात घालून घेऊन गेला. कारखान्याची मालमत्ता म्हणून मी हरकत घेतली, तर म्हणाला, "मग लाव चौकशी." माझ्या निरोप समारंभात मात्र मला भाषणाची सुरसुरी आली आणि आता आपण पेटी शिकणार, असं मी जाहीर करून टाकलं. लोकांनी भिंतीवरच्या घड्याळाऐवजी खरोखरच पेटी भेट दिली. मी ती तीन आठवडे वाजवली. शेजाऱ्यांनी ते तीन आठवडे कसे काढले, ते त्यांनाच विचारा. सध्या तिच्यावर पापडाचे डबे आहेत. मग काश्मीर. तिथं थंडीला भिऊन हॉटेलच्या खोलीत रजईत बसून बायकोशी पत्ते खेळलो, जे नगरलाही जमलं असतं. हरलोही. परत आलो तर सोपानचं पत्र्याचं शेड उभं होतं, दोन खाटा टाकलेल्या होत्या आणि एक खाट माझी म्हणून त्यानं तिच्यावर कुणाला टेकूसुद्धा दिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी आम्ही त्या खाटांवर बसलो. चहा झाला. हवापाण्याचं झालं. थोड्या वेळानं दोघंही एकदमच उठून उभे राहिलो. सवय! तेवढाच वेळ बोलायची जीभ होती आमची. उभ्या उभ्या एकमेकांकडं बघितलं आणि असे हसलो की बांधावरच्या शेळ्या बुजल्या. मग बसायला शिकावं लागलं. माणूस नोकरीत काम शिकतो, पण एखाद्याशेजारी उगाच बसणं त्याला कुणी शिकवत नाही... आम्हाला ते शिकायला एक उन्हाळा लागला.

थंडीत गुळाचा मुहूर्त लागला. श्रीगोंद्याकडून कॅनमधून रस आणला, कढई भाड्यानं आणली. वहिनी म्हणाल्या, "गार पान्यात थेंब टाकून बगा, गोळी झाली की उतरवा." दोन पॅनमनना पाक शिकवता? आम्ही दाद दिली नाही. सोपाननं रुबाबात काच काढली, थेंब घेतला, बघितला आणि शेजारी बसलेल्या माझ्या हातात दिली. "दाणा बघ." मी उजेडाला धरून मान हलवली. आणि हा पठ्ठ्या उठला, सदरा झटकला, सायकल घेतली आणि निघाला घरी! चार्ज दिला ना... मला तरी कुठं काही वावगं वाटलं? मी एक डोळा मिटून दाण्याकडं बघत राहिलो आणि फार सुरेख दाणा आला होता. वाईट एवढंच, की गुळाला तो नको असतो आणि खालून कढई लागली होती. सडकेपर्यंत गेल्यावर सोपानला उमगलं आणि तो बोंबलत माघारी आला, "उतरव! उतरव!" कढईत जे उरलं ते ना गूळ ना साखर. फोडायला कुऱ्हाड घ्यावी लागली. वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "इतकी वर्सं फॅक्टरी तुमच्या जिवावर चालली व्हय?"

तेव्हापासून सोपानला घोर लागला होता, गुळाचा नव्हे. परवा-परवापर्यंत म्हणायचा, "औंदा गूळ बिघडला तरी चालंल, भाऊसाहेब. पन रस चढल्यापासून ढेप पडेपर्यंत दोघांनी जागचं हलायचं न्हाई. एक पाळी, पुरी." कढईवाल्याला त्यानं सांगून ठेवलं होतं, रसाचंही ठरलं होतं. मला पूर्वी वाटायचं, निवृत्तीनंतर काय करायचं याची स्वप्नं असतात. त्यानं फक्त कुणाशेजारी बसायचं एवढं ठरवलं होतं. माझ्या पेटीपेक्षा आणि काश्मीरपेक्षा ते किती अवघड होतं, ते आता कळतंय. जन्मभर बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा न सोडणारा गडी त्या सकाळी मात्र थांबला नाही. मी पोचायच्या आधीच गेला. याचा मला रागसुद्धा आला. कुणावर काढायचा?

गेल्या आठवड्यात वहिनींच्या फोनवरून मिस्ड कॉल आला. एक रिंग. गेलो तर कढईवाला ठरल्याप्रमाणं कढई टाकून गेला होता, रसाचे कॅन आले होते. "परत पाटवू का?" वहिनींनी विचारलं. मी रसाचा एक कॅन उचलून कढईपाशी नेला. त्यांनी चूल पेटवली. मी माझ्या खाटेवर बसलो, त्या सोपानच्या खाटेच्या कडेला टेकल्या. उन्हं पत्र्यावरून उतरायला लागली तेव्हा पाक घट्ट होत आला. काच तिथंच पत्र्याच्या पट्टीत खोचलेली होती, कडेला मागच्या वर्षीचा करपट डाग तसाच. मी थेंब घेतला, उजेडासमोर धरला आणि हात आपोआप शेजारी गेला. वहिनींनी काच घेतली. आणि मी उठलो. खरंच उठलो, चपलाही पायात सरकवल्या.

"बसा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी काचेकडं बघितलंच नाही, ती मांडीवर ठेवली आणि गार पाण्याची वाटी पुढं ओढली. "त्यांनी मला बजावून ठिवलंय. काच हातात दिली तरी भाऊसाहेबांना उठू द्यायचं न्हाई."

मी चपला काढल्या आणि बसलो. ढेप पडायला अजून बराच वेळ होता.