आखाड्याचं वाजवी भाडं

क्रांती चौगुले यांना कुणाच्याही घरातली खोली दिसली की इथं कोण राहील, हा प्रश्न पडायचाच. ही नोकरीची सवय. कोल्हापूरला खेटून असलेल्या एका नगरपालिकेत त्या अठ्ठावीस वर्षं घरफाळ्याची, म्हणजे घरपट्टीची आकारणी करत होत्या, आणि त्या कामाच्या मुळाशी एक जुनं वाक्य होतं : हे घर भाड्यानं दिलं, तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल? इंग्रजांच्या अमदानीत कायद्यात घातलेलं हे वाक्य पुढं आपल्या कायद्यातही आलं. घरात मालक स्वतः राहत असो नाहीतर खोलीला कुलूप असो, कधीच न आलेला एक भाडेकरू धरायचा आणि त्यानं काय दिलं असतं, त्यावर फाळा बसवायचा.

इतर निरीक्षक शेजारचा दर बघून आकडा टाकत. क्रांतीबाई मात्र तो भाडेकरू खरोखर डोळ्यांपुढं आणत. तो मास्तर आहे की हमाल, त्याला पोरं किती, मोरी बघून त्याची बायको नाक मुरडेल का. घरी जेवताना त्या नवऱ्याला सांगत, "आज माझ्या भाडेकरूला जिना फार उभा वाटला."

"मग उतरताना हात धरायचा की त्याचा," नवरा म्हणे.

यंदाच्या नव्या आकारणीच्या नोटिसा गेल्या, तशी शालूबाई खवरे ही सत्तरीची म्हातारी हरकत घ्यायला कचेरीत आली आणि नोटीस तिनं टेबलावर आपटली.

"कुणी लिवलंय हे? माझ्या घरात दुकान हाय म्हणून?"

क्रांतीबाईंनी कागद बघितला. मोजणीचं कंत्राट घेतलेली माणसं बाहेरूनच टेप लावून गेली होती. बाजारपेठेचा रस्ता, आठ फुटी दार. त्यांनी 'दुकानगाळा' लिहून टाकलं होतं आणि फाळा तिपटीवर गेला होता.

"मग आत काय आहे, मावशी?"

"माती," म्हातारी म्हणाली. "या की बघायला. उंबरा काय चावतोय व्हय तुमास्नी?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच क्रांतीबाई गेल्या. दार उघडलं तर आत फरशीच नव्हती. भिंतीपासून भिंतीपर्यंत हौद, त्यात गुडघाभर लाल माती, ताक-हळदीचा आंबूस वास. शालूबाईच्या नवऱ्यानं स्वतःच्या मेहनतीसाठी हा आखाडा घरातच केला होता. तो जाऊन आठ वर्षं झाली. आता त्यात नववीतली नात स्वप्नाली जोर मारत होती. गावच्या तालमीत मुलींसाठी वेळ ठेवलेली नव्हती, आणि पुढच्या महिन्यात तिची जिल्ह्याची कुस्ती होती.

तिचा बाप सम्राट कारखान्यात फिटर. तो दारातच उभा होता. "मॅडम, दुकानाचा फाळा भरायचा तर दुकानच काढतो की. ट्रॅक्टरभर माती हाय, शेतात टाकली की झालं."

जोर मारणारी पोरगी थांबली. म्हातारीनं पदर कमरेला खोचला.

"घर आहे त्या अवस्थेतच धरायचं असतं," क्रांतीबाई म्हणाल्या. "माती काढल्यावर काय भाडं येईल, हा माझा प्रश्न नाही. मातीसकट काय येईल, ते बघते. चार दिवस थांबा."

पण मातीसकट घेणार कोण? त्यांच्या मनातला भाडेकरू दारातच चपला घालून उभा राहिला, आत येईना. तेव्हा जे अठ्ठावीस वर्षांत केलं नव्हतं ते त्यांनी केलं. त्या त्याला शोधायला निघाल्या.

पेठेत गाळा शोधणारा मोबाइलवाला म्हणाला, "माती काढून द्या, उद्या पागडी देतो."

"मातीसकट?"

"मग ग्राहकानं काय लंगोट लावून यायचं?"

शिंपीदादा तर हसून हसून खोकायलाच लागले. शेवटी कुणीतरी जयसिंगपूरच्या आण्णा वस्तादांचं नाव सांगितलं. ते मुलींना कुस्ती शिकवत आणि जागेच्या शोधात होते. क्रांतीबाईंनी फोन लावून मातीसकट जागेचं काय द्याल, ते विचारलं. आण्णा म्हणाले, "महिना तीनशे."

क्रांतीबाईंनी अहवाल लिहिला : दुकान नव्हे, आखाडा, वाजवी भाडं महिना तीनशे. त्यांचा अहवाल साहेब सहसा बदलत नसत. मसुदा वाचून दाखवायला त्या खवऱ्यांकडं गेल्या.

सम्राट खूश. "आये, गेल्या वेळेपेक्षा बी कमी बसला की! ऱ्हाऊ दे तुझी माती."

शालूबाईचा चेहरा मात्र उतरला. "तीनशे? ह्यांनी बावीस वर्षं ताक पाजलंय त्या मातीला. तीनशे म्हणणारा कोण?"

"जयसिंगपूरचे वस्ताद."

"त्यानं माती बघितली?"

"नाही. फोनवर विचारलं."

"न बघता भाव करतोय? बोलवा त्याला!"

क्रांतीबाईंनी मसुदा मिटला. म्हातारीचं बरोबर होतं. जागा न दाखवता भाडं ठरवलं, ते वाजवी कसं? बाहेरून टेप लावणाऱ्यांना नावं ठेवली आणि आपण तरी निराळं काय केलं?

रविवारी आण्णा आले. कान मोडलेले, पायजमा घोट्याच्या वर, एक चप्पल शिवलेली. क्रांतीबाई त्यांच्याकडं टक लावून बघत राहिल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा भाडेकरू हाडामांसाचा समोर उभा होता. त्यानं चपला बाहेर काढल्या, हौदाला हात लावून कपाळाला लावला, मूठभर माती घेऊन चुरली, हुंगली.

"साडेचारशे," ते म्हणाले. "अशी माती आता कोण राखतंय?"

"आण्णा, फाळा वाढतोय तुमच्या तोंडानं," सम्राटनं कपाळावर हात मारला.

"वाढू दे की!" शालूबाई म्हणाली.

क्रांतीबाईंनी मसुद्यातले तीनशे खोडून साडेचारशे लिहिले. दुकानाच्या आकड्यापुढं तेही काहीच नव्हतं. आण्णांचं तिकडं लक्षच नव्हतं, स्वप्नालीला ते सांगत होते, "उतर पोरी. डाव बघू तुझा. पट कसा काढतीस?"

तीनशे नीट खोडलेत का, ते शालूबाईनं बोटानं तपासलं आणि हरकत मिटल्याची सही केली.